दोष आयांच्या माथी नको



आदिवासी आया अडाणी असल्याने नवजात बाळे दगावतात, हा आपल्या पत्रलेखकाचा निष्कर्ष पटला नाही. आमच्या घरी नुकतेच बाळ आले. पहिला चीक पाजायचा, आंघोळीची घाई करायची नाही, बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब द्यायची, हे इथल्या बायकांना आशाताईंनी केव्हाच शिकवले आहे. (बापानेही बाळाला छातीशी धरावे, हे मात्र मला नवीन होते!)

दवाखान्यात बाळंतपण झाले, तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत आशाताईने सहा भेटी द्यायच्या. वजन, ताप, श्वास तपासायचे. श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त भरले, तर दवाखाना गाठायचा. या पद्धतीचे मूळ डॉ. अभय व राणी बंग यांच्या गडचिरोलीतील ३९ गावांच्या प्रयोगात आहे. त्याचा अहवाल १९९९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तिथल्या आया काही पदवीधर नव्हत्या, तरी बाळे वाचली.

अडचण दिवाळीनंतर येते. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या ओल्या बाळंतिणीच्या पालावर वजनकाटा घेऊन कोण जाणार? पत्रलेखकाने हा प्रश्न दोन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांना विचारावा.

– एक वाचक, खापर (ता. अक्कलकुवा, जि. नंदुरबार)