संदर्भ हवा!

आमच्या घरी १२ जुलै ही तारीख कॅलेंडर न बघता कळते. त्या दिवशी आजोबांना चहाच्या कपासकट कोणीतरी समोर बसलेलं लागतं. १९६१ साली पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा ते सातवीत होते, वाडा नारायण पेठेत, नदीपासून जरा आत. पाणी जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत आलं, आठवीवर आजीबाईंचे (म्हणजे त्यांच्या आजीचे) देव होते, ते कोरडे राहिले. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की मी स्वतःच त्या जिन्यावर उभी होते असं कधीकधी वाटतं.

गेल्या सुट्टीत मला सुचलं की हे सगळं मराठी विकिपीडियावर टाकावं. आता मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमधली. माझं मराठी म्हणजे घरात बोलायचं आणि परीक्षेपुरतं लिहायचं. पण तिथे 'संपादन' असं लिहिलेल्या जागी कोणीही क्लिक करू शकतं, मला कोणी विचारलं नाही की तुझा दीर्घ 'ई' कुठे लागतो ते माहीत आहे का. मी पानशेतच्या पुरावरचा लेख उघडला, रोमन अक्षरांत टाइप केलं की देवनागरी उमटतं ती सोय शोधली, आणि चार वाक्यं लिहिली. पायरीचं एक, देवांचं एक, लोकांची कशी तारांबळ उडाली त्याचं एक. शिवाय लेखातली एक 'चूक'ही दुरुस्त केली! लेखात होतं की आधी पानशेत फुटलं आणि मग खडकवासला. आजोबा तर कायम सांगत आले की आधी खडकवासला फुटलं.

अर्ध्या तासात माझी चारही वाक्यं गायब. मी परत टाकली. परत गायब. तिसऱ्यांदा टाकणार तेवढ्यात माझ्या नावाच्या चर्चा पानावर कोणीतरी लिहून ठेवलेलं दिसलं : नमस्कार, स्वागत, कृपया संदर्भ द्या, सरावासाठी धूळपाटी वापरा. मी रागाने उत्तर लिहिलं, "माझे आजोबा तिथे होते. तुम्ही होतात का?" (खाली चार नागमोडी रेघा देऊन सही करायची असते हेसुद्धा मला माहीत नव्हतं, त्यामुळे भांडणही निनावीच.) उत्तर आलं ते अगदी शांत. आजोबांबद्दल आदर आहे, पण वाचणाऱ्याला ते कुठेतरी पडताळून बघता आलं पाहिजे.

मित्र-मैत्रिणींनो, खरं सांगते, दोन दिवस मी धुमसत होते. ज्यांनी पाहिलं त्यांचं चालत नाही, आणि ज्याने छापलं त्याचं चालतं, हा कुठला न्याय? मग तावातावाने पुरावा गोळा करायला निघाले. लायब्ररीत गेले, पुस्तकं काढली, जुने लेख वाचले. आणि तिथे माझा पोपट झाला. पानशेत सकाळी फुटलं. ते सगळं पाणी खाली खडकवासल्याच्या जलाशयात आलं, ते जुनं दगडी धरण दुपारी फुटलं. आजोबांच्या बाजूने बघा, पुण्यात उभ्या असलेल्या मुलाच्या अंगावर पाणी आलं ते खडकवासल्याच्या दिशेनेच. त्याने जे पाहिलं ते खोटं नाही, पण त्यातून जो क्रम लावला तो उलटा होता. आणि मी कोण? सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी! खालचं धरण फुटल्यामुळे वरचं कसं फुटेल एवढा साधा प्रश्न मला साठ वेळा गोष्ट ऐकूनही पडला नव्हता. हायड्रॉलिक्समध्ये मला बरे मार्क आहेत, हे इथे नमूद करावं की नाही कळत नाही.

तेव्हापासून मी ते नियम नीट वाचायला घेतले. सगळे नाही सांगत बसत, पण तीन मुख्य आहेत. जे लिहाल ते पडताळता यावं. तटस्थपणे लिहावं. स्वतःचं नवं संशोधन तिथे मांडू नये. शिवाय एक सांगणं आहे जे आपल्या होस्टेलमध्ये लावायला हवं : समोरच्याचा हेतू चांगला आहे असं धरून चाला. माझी वाक्यं काढणाऱ्याने तेच धरलं होतं, मी नव्हतं धरलं.

आपल्याकडे विकिपीडियाचं नाव काढलं की दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, कोणीही काहीही लिहितं, त्यात काय राम! त्यांचंही अगदी चूक नाही. २००५ साली जॉन सायगेनथॅलर नावाच्या अमेरिकन पत्रकारावर केनेडी बंधूंच्या हत्येचा संशय होता अशी थाप इंग्रजी विकिपीडियावर चार महिने तशीच राहिली होती. पण त्याच वर्षी 'नेचर'ने विज्ञानाचे ४२ लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले, तेव्हा एका लेखामागे विकिपीडियात सुमारे चार चुका निघाल्या आणि ब्रिटानिकात तीन. (ब्रिटानिकावाले त्या तपासणीवर चांगलेच भडकले, तो भाग वेगळा.) दुसरी माणसं म्हणजे आपण. आपण विकिपीडियातून परिच्छेदच्या परिच्छेद उचलतो, प्रोजेक्ट रिपोर्टात चिकटवतो आणि शेवटी संदर्भ म्हणून एक न वाचलेलं पुस्तक टाकतो. गंमत म्हणजे विकिपीडिया स्वतः विकिपीडियाला संदर्भ मानत नाही.

आणि इथेच मला खरं बोलायचं आहे. सबमिशनच्या आठवड्यात आपण काय करतो? काच, खाली बल्ब, वर शीट. जीटी मारली की ड्रॉइंग तयार. जर्नलमधली रीडिंग्ज मागच्या वर्षीच्या जर्नलमधून, आणि ग्राफ आधी काढून मग त्यावर बसतील असे आकडे. मीही केलंय, साळसूदपणाचा आव आणत नाही. क्यूब टेस्टच्या वेळी मशीन बंद होतं, तरी आमच्या बॅचच्या वीस जणांच्या जर्नलमध्ये काँक्रीटची ताकद छान आली होती. त्या वीसपैकी एका तरी आकड्यापुढे कोणी 'संदर्भ हवा' लिहिलं असतं तर? इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नाही. पहिल्यांदा विचारला तो एका अनोळखी माणसाने, तोही पगार न घेता, आणि मी त्याच्यावर ओरडले. उद्या आपल्यापैकीच कोणीतरी एखाद्या पुलाचे आकडे भरणार आहे हे डोक्यात आलं की झोप उडते.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. आज तिथे लाखाच्या आसपास लेख आहेत, इंग्रजीत सत्तर लाखांच्या वर. आपल्या विषयांवरचे लेख उघडून बघा, काही दोन ओळींचे आहेत, काही नाहीतच, नुसते लाल दुवे. लिहायला बसलं की शब्द सापडत नाहीत, मग भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश उघडायचे. स्ट्रेसला प्रतिबल, स्ट्रेनला विकृती! "या तुळईत किती विकृती आहे" असं आमच्या ग्रुपवर लिहिलं तर दिवसभर हसतील. हसू देत. इलॅस्टिसिटीला स्थितिस्थापकता म्हणतात हे कळल्यावर मला तो विषय थोडा जास्त कळला, कारण शब्दच सांगतो की मूळ स्थितीत परत यायचं.

आता राहिला आजोबांचा प्रश्न. क्रमाची चूक त्यांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "असेल गं. पण पायरी सातवीच होती." ती सातवीच होती यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि ती लेखात जाऊ शकत नाही हेही मला मान्य आहे. दोन्ही एकदम मान्य करायला त्रास होतो. वाडा पाडून तिथे इमारत झाली, जिना मोजायलाही उरला नाही. पेठांमधून असे किती आजी-आजोबा असतील, त्यांचं कोणी लिहून घेऊन छापलं असतं तर आज संदर्भ म्हणून देता आलं असतं. इथे आपल्या अंकात छापून आलंय म्हणून उद्या मी हाच अंक पुरावा म्हणून दिला तर चालेल का? नाही चालणार. लिहिणारी मीच, आजोबाही माझेच.

म्हणून सध्या ते वाक्य मी धूळपाटीवर ठेवलं आहे. धूळपाटी मधूनमधून पुसली जाते. पुसली की मी परत टाइप करते. सातवी पायरी, आठवीवर देव. निदान ऱ्हस्व-दीर्घ तरी सुधारले. आजोबा दर रविवारी विचारतात, "काय गं, चढलं का ते?"

"अजून नाही आजोबा."

"बरं," म्हणतात, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागतात. आता मी वही घेऊन बसते.