वाय-फायचा फलक आणि भरलेला वर्ग

महाविद्यालयाच्या प्रवेशद्वाराशी ‘वाय-फाय परिसर’ असा फलक झळकतो. उद्घाटन होते, फीत कापली जाते, वृत्तपत्रांत छायाचित्र येते. पुढे वर्ग सुरू होतात. दीडशे-दोनशे विद्यार्थ्यांनी सभागृह भरते, प्राध्यापक प्रश्नावली भ्रमणध्वनीवर उघडायला सांगतात आणि पडद्यावर चक्र नुसते फिरत राहते. ज्याच्या खिशात स्वतःचा डेटा पॅक आहे, तो पुढे जातो. घरून येणाऱ्या मोजक्या पैशांत महिना काढणारा वसतिगृहातील विद्यार्थी मागे राहतो. म्हणूनच हा प्रश्न सोयीचा नसून समरसतेचा आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या नियमानुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’द्वारे पूर्ण करता येतात. राष्ट्रीय ज्ञान जालास केंद्राने २०१०मध्येच मंजुरी दिली आणि अनेक विद्यापीठांच्या दारापर्यंत वेगवान तंतुजाल पोहोचले. दुखणे आहे ते शेवटच्या शंभर फुटांत.

त्याचे कारण समजायला अभियंता असावे लागत नाही. लहरींचे आकाश सर्वांचे सामाईक आहे. एका वाहिनीवर एका वेळी एकाने बोलायचे व इतरांनी थांबायचे, हा वाय-फायचा मूळ शिरस्ता. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात परस्परांना न अडवणाऱ्या वाहिन्या अवघ्या तीन. त्यात मानवी शरीर या लहरी शोषून घेते. त्यामुळे रिकाम्या सभागृहात उत्तम चालणारी यंत्रणा भरल्या सभागृहात कोलमडते. मग कुणीतरी यंत्राची शक्ती वाढवायला सुचवते. गणेशोत्सवात शेजारच्या दोन मंडळांनी भोंग्यांचा आवाज चढवला, तर दोन्हीकडचे काहीच धड ऐकू येत नाही. येथेही तेच घडते.

खरा उपाय नेमका उलटा आहे. यंत्रे अधिक, पण प्रत्येकाची शक्ती कमी. ती बाहेरच्या व्हरांड्यात न लावता वर्गाच्या आत लावावीत, शेजारच्या यंत्रांना निरनिराळ्या वाहिन्या द्याव्यात आणि जमेल तितक्या उपकरणांना ५ गिगाहर्ट्झच्या प्रशस्त पट्ट्यात वळवावे. ‘वाय-फाय ६’ हे तंत्र तर गर्दी डोळ्यांपुढे ठेवूनच घडवले गेले आहे.

परंतु निविदेत यंत्रांची संख्या आणि वेग एवढेच लिहिले जाते. ‘वर्ग भरलेला असताना सर्वांना एकाच वेळी जोडणी मिळाली पाहिजे’ ही अट त्यात घालावी. चाचणी भरल्या वर्गात घ्यावी, देयक त्यानंतर चुकते करावे. देखभालीची तरतूद दरवर्षी हवी. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी आपल्याच परिसराची मोजणी केली, तर शिक्षण आणि सेवा दोन्ही साधेल.

भ्रमणध्वनी हाती आला की अवधान सुटते, हा ज्येष्ठ अध्यापकांचा आक्षेप खरा आहे. म्हणूनच वर्गात आंतरजाल केव्हा उघडायचे, हे शिक्षकानेच ठरवावे. गुरूचे स्थान कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही. पण शिक्षकाने ‘उघडा’ म्हटल्यावर ते शेवटच्या बाकावरही उघडले पाहिजे.

१८९५मध्ये कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये आचार्य जगदीशचंद्र बसूंनी बिनतारी लहरींनी दूरवरची घंटा वाजवून दाखवली होती. त्यांच्या देशातील सभागृहांत आज लहरी अडखळाव्यात, हे आपल्याला शोभणारे नाही. उणीव विज्ञानाची नाही, नियोजनाची आहे. संस्थाचालकांनी, पालकांनी आणि विद्यार्थी कार्यकर्त्यांनी यापुढे फलकाकडे न पाहता भरल्या वर्गात जाऊन खात्री करावी.