दोन छायाचित्रांच्या मधले बालगंधर्व

बालगंधर्वांवरील लेखासोबत मराठी नियतकालिकांत येणारी छायाचित्रे जवळजवळ ठरलेली असतात. आरंभी पानभर शालू नेसलेली, दागिन्यांनी मढलेली नायिका. अखेरीस एखाद्या कोपऱ्यात थकलेले, वृद्ध नारायणराव राजहंस. मजकूर काहीही सांगो, ही मांडणी वैभव आणि ऱ्हास एवढीच कथा सांगते.

ही कथा खोटी नाही, अपुरी आहे. 'मानापमान'मधील भामिनी (१९११), 'स्वयंवर'मधील रुक्मिणी (१९१६) आणि 'एकच प्याला'तील सिंधू (१९१९) या तीन वेगळ्या स्त्रिया आहेत. दारिद्र्याने गांजलेली सिंधू तर भरजरी प्रतिमेच्या थेट विरोधात उभी राहते. पुढे १९३५ साली 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'मध्ये ते एकनाथ झाले आणि १९३७ मध्ये, वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, 'साध्वी मीराबाई'मध्ये पुन्हा स्त्री झाले. एकनाथ आणि मीरा यांची छायाचित्रे शेजारी शेजारी छापली, तर दिसेल तो निव्वळ ऱ्हास नव्हे. आपल्याच प्रतिमेबाहेर पाऊल टाकणारा आणि तिच्याकडे परत ओढला जाणारा कलावंत तेथे दिसेल. संपादक नेमके हेच पान गाळतात.

यामागे काही अंशी छपाईचे अर्थकारण आहे. खिळ्यांच्या छपाईच्या काळात छायाचित्रासाठी धातूचा ब्लॉक करून घ्यावा लागे. तो खर्चिक असल्याने एकदा केलेला ब्लॉक पुनःपुन्हा वापरणे सोयीचे होते. ती अडचण केव्हाच संपली. सवय मात्र उरली. शिवाय त्या काळातील बरीच छायाचित्रे रंगवलेल्या पडद्यासमोर, स्थिर उभे राहून काढलेली. त्यांत वेष आहे, गाणे नाही. ज्याची थोरवी मुख्यतः गायनात, तो गायक पानावर केवळ रूप होऊन उरतो.

पुण्यामुंबईच्या जुन्या रसिकांकडे या रूपाला छेद देणाऱ्या आठवणी तरी होत्या. बालगंधर्व १९६७ साली गेले. आज वाशीम, कारंजा किंवा रिसोडच्या महाविद्यालयात संगीत नाटक शिकणाऱ्या विद्यार्थ्यापाशी अशी आठवण कोठून असणार? ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत. परंतु त्या ऐकण्यापूर्वीच छायाचित्राने त्याचे मत बनवलेले असते. मग नाट्यपदेही तो गतवैभवाची खूण म्हणूनच ऐकतो.

म्हणूनच छायाचित्रांची निवड आणि मांडणी हीदेखील समीक्षाच आहे, असे माझे मत आहे. आपण लेखातील विधानांना पुरावा मागतो. चित्राला मात्र सजावट समजून सोडून देतो. साहित्याच्या अध्यापकांनी आपल्या ग्रंथालयातील जुने दिवाळी अंक वर्गात उघडावेत. कोणते छायाचित्र किती मोठे, कोणत्या मजकुराशेजारी, त्याखाली काय लिहिले आहे आणि कोणत्या वर्षांचे एकही नाही, हे विद्यार्थ्यांना नोंदवायला सांगावे. या शेवटच्या नोंदीतूनच बालगंधर्वांचा खरा अभ्यास सुरू होईल.