आरोग्यसंवाद : हनुवटी आणि हंगाम

भवानी पेठेतील एक आजोबा आठ वर्षांच्या नातवाला घेऊन आले. तोंड मिटले की मुलाचे खालचे दात वरच्या दातांपुढे येत. “आमच्या घराण्याची हनुवटीच अशी,” आजोबा म्हणाले, “सगळे पक्के दात आले की बघू.” घराण्याचे खरे, या दोषात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. ‘बघू’ मात्र महागात पडते.

अशा अनेक मुलांत खालचा जबडा फार मोठा नसतो. वरचा मागे राहिलेला असतो. वरच्या जबड्याचे हाड शेजारच्या हाडांशी शिवणींनी सांधलेले असते. बालपणी या शिवणी ओढीला दाद देतात. साधारण दहाव्या वर्षानंतर ती दाद कमी होत जाते. म्हणून सातव्या-आठव्या वर्षीच ऑर्थोडॉन्टिस्टकडून तपासणी करून घ्यावी. पुण्यात धनकवडीचे भारती विद्यापीठ व कॅम्पातील एम. ए. रंगूनवाला या दंत महाविद्यालयांतही ती होऊ शकते.

एखादाच दात आडवा आला असेल, तर छोटी प्लेट पुरते. जबडाच मागे असेल, तर फेसमास्क. कपाळावर एक गादी, हनुवटीवर एक, त्यांना जोडणारी दांडी. दांडीच्या आडव्या तारेपासून तोंडातील उपकरणाच्या हुकांना रबर लावायचे. ते वरच्या जबड्याला पुढे ओढते. टाळू अरुंद असल्यास आतील उपकरणाला स्क्रू असतो. त्याची किल्ली आईने सांगितल्याप्रमाणे फिरवायची.

मास्क रोज १२ ते १४ तास, बहुधा सहा महिने ते वर्षभर लावावा लागतो. तो घालून शाळेत जायला कोणते मूल तयार होईल? येथे चौविहार पाळणाऱ्या घरांची मोठी सोय आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपून दात व उपकरण स्वच्छ घासले, की संध्याकाळी सातला लावलेला मास्क सकाळी सातलाच निघतो. तोंडात उपकरण असेतो चिक्की बंद. खाखरा दुधात भिजवून द्यावा, कोरडा चावल्यास उपकरण निखळते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. खालचा जबडा सोळा-अठरा वर्षांपर्यंत, मुलग्यांत कधी त्याहून पुढेही वाढतो. त्यामुळे सुधारलेला दोष काहींत परत येतो, आणि थोड्यांना वाढ थांबल्यावर शस्त्रक्रिया करावीच लागते. मास्क सुटला तरी तपासणी सुटता कामा नये.

आजोबांनी सारे ऐकून घेतले, आणि जाताना सोबतच्या धाकट्या नातीलाही खुर्चीत बसवले. ती साडेसहा वर्षांची आहे. तिला सहा महिन्यांनी बोलावले आहे.