स्क्लेरोडर्मात हृदयाला सूज : उपचार आहेत, पण वेळेत मिळतात का?

थंड पाण्यात हात घातला की बोटे पांढरी पडतात, मग निळी होतात. काही महिन्यांनी हाताची कातडी ताठ होते, अंगठी निघत नाही, तोंड पुरते उघडत नाही. ही स्क्लेरोडर्माची ओळखीची लक्षणे. साताऱ्यातील पाटण असो वा सांगलीतील जत, असा रुग्ण बहुधा आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जातो. कातडीवर उपचार सुरू होतात. हृदय तपासायचे मात्र राहून जाऊ शकते. आणि जीव जाण्याचा धोका कातडीपेक्षा तिथेच अधिक आहे.

आजार हृदयापर्यंत कसा पोहोचतो?

शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते, बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि पेशींच्या जागी ताठर तंतू साचतात. हे त्वचेत घडते तसेच फुफ्फुस, मूत्रपिंड आणि हृदयातही घडते. हृदयाच्या स्नायूला सूज आली की त्याला मायोकार्डायटिस म्हणतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा आजार कितीतरी अधिक आढळतो. युरोपातील रुग्णांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, थेट या आजारामुळे झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे एक चतुर्थांश मृत्यू हृदयविकाराचे होते.

सिलिकाच्या धुळीशी या आजाराचा संबंध स्कॉटलंडमधील पाथरवटांच्या नोंदींतून १९१४ मध्येच पुढे आला होता. खडी क्रशर आणि फाउंड्रीत राबणाऱ्या पुरुष कामगारांची बोटे पांढरी पडत असतील, तर आपल्याकडेही ही शंका घ्यायला हवी.

लक्षणे का चकवतात?

दम लागणे, छातीत धडधडणे, थकवा, पायावर सूज. शेतात आणि घरात राबणाऱ्या बाईने ही तक्रार सांगितली, तर ‘रक्त कमी आहे’ किंवा ‘वय झाले’ असे उत्तर मिळणे सोपे असते. या आजारात फुफ्फुसेही बिघडत असल्याने सगळा दोष त्यांच्यावरच जातो. काही रुग्णांत तर सुरुवातीला कोणतेच लक्षण नसते.

तपासण्या कोणत्या?

ईसीजी, टूडी इको आणि रक्तातील ट्रोपोनिन व एनटी-प्रोबीएनपी या पहिल्या पायऱ्या. ठोके अनियमित वाटत असल्यास २४ तासांची होल्टर चाचणी. इको ‘नॉर्मल’ आला म्हणून सूज नाही, असे ठरवता येत नाही. हातापायाच्या स्नायूंना सूज असेल तर ट्रोपोनिन-टी त्यामुळेही वाढू शकते. अशा वेळी ट्रोपोनिन-आय अधिक उपयोगी पडते. हृदयाचा एमआरआय सूज कोणती आणि कायमचा व्रण कोणता, हे बऱ्याच अंशी वेगळे दाखवतो. हा फरक महत्त्वाचा आहे. सूज औषधाने उतरू शकते, व्रण पुसता येत नाही. उशीर महागात पडतो तो इथे.

उपचार काय, आणि स्टेरॉइडबाबत सावधगिरी का?

या विशिष्ट सुजेसाठी मोठ्या तुलनात्मक चाचण्या झालेल्या नाहीत. उपचार लहान अभ्यास आणि तज्ज्ञांच्या अनुभवावर उभे आहेत. स्टेरॉइडसोबत मायकोफेनोलेट किंवा सायक्लोफॉस्फामाइडसारखी प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे दिली जातात. हृदय अशक्त झाले असल्यास त्याची नेहमीची औषधे, ठोक्यांत गंभीर अडथळा असल्यास पेसमेकर लागतो.

पण स्क्लेरोडर्मात स्टेरॉइड हे दुधारी शस्त्र आहे. दिवसाला १५ मिलिग्रॅम वा अधिक प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांत रक्तदाब एकाएकी चढून मूत्रपिंडे बंद पडण्याचा धोका वाढलेला आढळला आहे. म्हणून रोज रक्तदाब मोजणे आणि ठरावीक अंतराने क्रिएटिनिन पाहणे हा उपचाराचाच भाग आहे. स्टेरॉइड स्वतःहून सुरू करू नये, एकदम बंदही करू नये. तरुण स्त्रियांना आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी : मायकोफेनोलेट गर्भाला घातक आहे आणि सायक्लोफॉस्फामाइडने मूल होण्याची क्षमता कमी होऊ शकते.

सातारा-सांगलीत काय शक्य आहे?

डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केल्यापासून मिरज ही दक्षिण महाराष्ट्राची वैद्यकीय पंढरी मानली जाते. तिथे १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कराडला कृष्णा रुग्णालय आहे आणि साताऱ्यातही आता शासकीय महाविद्यालय झाले आहे. म्हणजे प्रश्न इमारतींचा नाही. प्रश्न आहे तो त्वचा, सांधे-संधिवात, हृदय आणि मूत्रपिंड या चार दारांमध्ये रुग्णाची फाइल फिरते की रुग्णच फिरतो, याचा.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून ५ लाख रुपये करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला, हे चांगलेच. मात्र योजनेचा भर दाखल करून करायच्या उपचारांवर आहे. हा आजार वर्षानुवर्षे गोळ्या आणि तपासण्या मागतो. त्या खर्चाने थकलेला रुग्ण औषध मध्येच सोडतो.

मग करायचे काय?

तीन गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाचा वर्षातून एकदा ईसीजी, इको आणि ट्रोपोनिन व्हावे. स्टेरॉइड सुरू असलेल्यांचा रक्तदाब गावात आशाताईंनी किंवा उपकेंद्रात मोजला जावा आणि तो वाढताच कुठे पाठवायचे, हे आधी ठरलेले असावे. महाविद्यालयांच्या रुग्णालयांत महिन्यातून एक दिवस या चारही विभागांची एकत्र ओपीडी भरावी. जतहून पहाटेची एसटी पकडून आलेल्या बाईची मजुरी त्याने निदान एकदाच बुडेल.

बोटे पांढरी पडणाऱ्या रुग्णाला ‘जिना चढताना दम लागतो का?’ हे विचारायला एमआरआय लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात तो प्रश्न विचारला गेला, तर निम्मे काम तिथेच सुरू होईल.