माल्कम आणि देविदास

खानदेशात देविदास हे नाव पदोपदी भेटते; माल्कम म्हटले की मात्र साहेबच आठवतो. वास्तविक दोन्ही नावांची घडण एकच. गेलिक ‘मेल कोलुम’ म्हणजे संत कोलंबाचा दास, शब्दशः मुंडन केलेला. स्कॉटलंडच्या चार राजांचे हे नाव पुढे आडनावही झाले. त्याच आडनावाच्या जॉन माल्कमपुढे दुसरा बाजीराव जून १८१८ मध्ये जुन्या खानदेशच्या सीमेवर, असीरगडाजवळ शरण आला. महाबळेश्वरची माल्कमपेठ याच माल्कमची. जेत्यांची अशी स्मारके खुशाल बदलावीत. परंतु मुंबई-गोव्यातील एखाद्या ख्रिस्ती मुलाला केवळ माल्कम या नावावरून परका ठरवणे अन्यायाचे आहे. नाव ठेवताना आईबापांच्या मनात गव्हर्नर क्वचितच असावा. वेस्ट इंडीजचा माल्कम मार्शल असण्याचा संभव अधिक.