साल बदलले म्हणून नवा अर्ज नको

वाइन-लेबलांच्या मंजुरीची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर गेल्या अंकात आलेले पत्र उत्साही आहे, पण एका जागी पत्रलेखकाची गफलत झाली. अमेरिकेत दर हंगामाच्या वाइनला नवी मंजुरी लागते, म्हणून सॉफ्टवेअरने दरवर्षी आपोआप अर्ज भरावा, असे त्यांचे म्हणणे.

तसे नाही. तिथल्या टीटीबी या संघीय विभागाने मंजूर लेबलावर परस्पर करता येणाऱ्या बदलांची यादीच दिली आहे आणि हंगामाचे साल बदलणे त्यात बसते. द्राक्षाची जात बदलली, तर मात्र नवा अर्ज. शिवाय ही मंजुरी लागते ती 7 टक्के वा अधिक अल्कोहोलच्या वाइनला. त्याखालच्या वाइनचे लेबल अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांत जाते. तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये रकाना हवा तो ‘नेमके काय बदलले’ याचा. मुदतीची घंटा राज्यांच्या नोंदणीपुरती ठीक. संघीय मंजुरीला मुदत नसते.

नाशिकची बाटली तिकडे निघाली, तर अर्ज करतो तिथला आयातदार. मंजुरीचा कागद त्याच्याकडे आणि लेबलाची छपाई इकडे! छापण्याआधी टीटीबीच्या सार्वजनिक नोंदवहीत मंजूर लेबल पाहून घेता येते, तेही फुकट.